मग ते स्वस्त का?

माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली आला तेव्हा त्यात बिस्किटं नसणार हे ठाऊक होतं, पण तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. झाकण गंजून धरलं होतं. चमच्याच्या दांडीनं उचकटलं तर आत काळ्या फोमच्या तुकड्यांत पिना रोवून बसलेले प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचे मेंदू, चाळीस-पंचेचाळीस तरी. दुकान बंद केलं तेव्हा टाकवले नाहीत म्हणून माळ्यावर गेले, आणि मग माळ्यावरच्या वस्तूंचं होतं तेच झालं. या दिवाळीला बायकोनं हट्ट धरला आणि दारात भंगारवाला येऊन बसला. त्यानं डबा उंबऱ्यापाशी वर्तमानपत्रावर उपडा केला आणि तांदूळ निवडावेत तसा निवडायला लागला. एकेक उचलायचा, उलटा करायचा, पिनांवरून अंगठा फिरवायचा. वरचं नाव एकदाही वाचलं नाही. करडे-जांभळे, सिरॅमिकचे एका बाजूला. "हे चिनी मातीचे. यात सोनं जास्त." हिरव्या पाठीचे दुसऱ्या बाजूला. "हे हलके." ज्या पेंटियम फोरसाठी लोकांनी माझ्याकडे भिशीचे पैसे आणले होते, तो हलक्यात गेला. त्याच्या दहा वर्षं आधीचा फोर-एटी-सिक्स मात्र चिनी मातीच्या ढिगात मानानं बसला.

"साडेचारशे," तो म्हणाला.

"कोपऱ्यावरचा साडेपाचशे देतोय," मी म्हणालो.

मी कुणालाही विचारलेलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, खांद्यावरचा टॉवेल सारखा केला, आणि साडेपाचशे मोजून दिले. शंभर रुपयांसाठी खोटं बोललो याचं फार वाईट वाटलं असं नाही, घासाघिशीत एवढं चालतं. खुपलं ते वेगळंच. ते वाक्य किती सहज आलं! काउंटरच्या अलीकडे उभा राहून अकरा वर्षं मी तेच ऐकत होतो, आणि पलीकडे उभं राहायची पाळी आली की तेच म्हणत होतो. त्या डब्यातला एकूण एक नग त्याच वाक्यावर घेतलेला आणि विकलेला.

१९९८ ते २००९ माझं सदाशिव पेठेत दीड खणाचं दुकान होतं. कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचे. आठवड्यातून एकदा पहाटेची सिंहगड धरायची, दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते पाटीला आणि पोस्टमनला माहीत. दुकानं उघडायची तेव्हा अगरबत्ती, ओला फुटपाथ आणि कुठूनतरी सोल्डरिंगचा धूर असा एक मिश्र वास असायचा. तो अजून कधी कधी नाकात येतो. पहिल्या दुकानात भाव विचारायचा, "ट्रे पीस की बॉक्स पीस?" असा उलटा प्रश्न यायचा, आकडा सिगारेटच्या पाकिटामागे लिहून मिळायचा. तो आकडा घेऊन दुसऱ्या दुकानात, तिथला घेऊन तिसऱ्यात. तिघांचा चहा एकाच टपरीवरून येतो, एकाच किटलीतून ओतला जातो, हे दिसत असूनही आपण फार हुशारीनं खेळतोय असं वाटायचं. बॉक्स पीस म्हणजे पंख्यासकट, खोक्यात, वॉरंटीचा. ट्रे पीस म्हणजे नुसती चिप, मोठ्या कंपन्यांसाठी आलेल्या ट्रेमधून सुटी झालेली, दोन पैसे स्वस्त. मी ट्रे पीसच घ्यायचो. जाताना पोळी-भाजी नेलेला स्टीलचा डबा येताना धुऊन-पुसून त्यात फोमवर दहा चिपा बसवायच्या. परतीच्या गाडीत शेजारचा म्हणायचा, "अहो, जेवून घ्या की." मी म्हणायचो, भूक नाही.

भूक असायची. पण त्याहून मोठी काळजी ही असायची की पुणं येईपर्यंत भाव पडलेला नसावा. कारण ते दिवसच तसे होते. ६ मार्च २००० ला एएमडी या कंपनीनं एक गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर जाहीर केला आणि दोनच दिवसांनी, ८ मार्चला, तिच्या प्रतिस्पर्धी इंटेलनं आपला पेंटियम थ्री तेवढ्याच वेगाचा काढला. एकाची किंमत १,२९९ डॉलर, दुसऱ्याची ९९०. आमच्या गिऱ्हाइकांच्या बापजन्मी परवडणारा माल नव्हे. पण घाटमाथ्यावर पाऊस झाला की इथं मुठेला पाणी चढतं, तसं वर दोघांची जुंपली की खाली आमच्या तीन-चार हजारांच्या मालाचे भाव सरकायला लागायचे. सोमवारी घेतलेला नग शुक्रवारी तोट्यात. बटाटा बरा, तो निदान कोंब फुटल्यावर नासतो. गिऱ्हाईक खूश, मी रडकुंडीला, आणि तरीही त्या वर्षांसारखी मजा पुढं कधी आली नाही, हेही खरं.

त्या काळात पुण्यात पेंटियम हे सामान्यनाम होतं. वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं. लोक यायचे आणि म्हणायचे, "एक पेंटियम करून द्या." हे नावही मुळात भांडणातून आलेलं. इंटेलच्या जुन्या चिपेचं नाव थ्री-एटी-सिक्स, म्हणजे नुसता आकडा, आणि आकड्यावर कुणाची मालकी सांगता येत नाही असं न्यायालयानं म्हटल्यावर इंटेलनं १९९३ मध्ये पाचव्या पिढीला आकड्याऐवजी नाव दिलं. त्या पेंटियमचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विनोद धाम जन्मानं पुण्याचे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो आणि कोटेशन पक्कं व्हायचं. तेच धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीनं घेतली आणि तिच्याच कामातून एएमडीचा के-सिक्स निघाला, हे मी फक्त ज्याला के-सिक्स खपवायचा असेल त्यालाच सांगायचो.

तर, २००१ चा पावसाळा. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई पायरीवर छत्री झटकत उभ्या. निवृत्त होऊन दोनेक वर्षं झालेली, मुलगा अमेरिकेत, त्याला ई-मेल करायची म्हणून कॉम्प्युटर हवा. मी दोन रकान्यांचं कोटेशन केलं: डावीकडे इंटेलचा सेलेरॉन, उजवीकडे एएमडीचा ड्युरॉन, बाकी मॉनिटर-कीबोर्ड तेच. बोर्डासकट धरून फरक हजार-बाराशेचा. बाईंनी चष्मा लावला आणि दोन्ही बेरजा बोट फिरवत तपासल्या. दुसरीत माझी वीस रुपयांची चूक निघाली. मग म्हणाल्या, "वेग सारखा?"

"सारखाच. ड्युरॉनचा थोडा जास्तच."

"काम तेच?"

"तेच."

"मग ते स्वस्त का?"

मी काहीतरी बोललो. कंपनी लहान, जाहिरात कमी, वगैरे. बाईंनी मला वर्गात थांबवायच्या तसं हात वर करून थांबवलं. "ती त्यांची अडचण झाली. मी विचारते, वस्तू तीच असेल तर महागातली कुणी का घेतं? आणि लोक घेतात, म्हणजे स्वस्तात काहीतरी कमी असणार. काय कमी आहे ते सांग, म्हणजे मला ठरवता येईल."

खरं उत्तर असं होतं की कमी काही नाही. ड्युरॉन सरस होता. पण त्या महिन्यात माझ्या वितरकाकडे सेलेरॉन साचले होते आणि तो नगामागं दोनशे रुपये जास्तीचे सोडत होता. मी म्हणालो, "बाई, ते तापतं."

तापायचं, हे अगदीच खोटं नव्हतं. ड्युरॉन म्हणजे अ‍ॅथलॉनचाच स्वस्त भाऊ, तेव्हाचे अ‍ॅथलॉन गरम चालायचे, आणि चालू असताना वरचा हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, निघाला तर चिप काही सेकंदांत जळायची. पण हीट सिंक आपोआप निघत नाही, मी नीट बसवला नाही तरच निघतो. म्हणजे बाईंना मी माझ्याच हाताची भीती घालत होतो. त्यांनी मान डोलावली. उत्तराला कारण मिळालं होतं. त्यांनी डाव्या रकान्याखाली सही केली.

तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला आणि त्याचं उत्तर पुढं तुकड्यातुकड्यांनी सापडत गेलं. कोकणातून पेट्या येतात तेव्हा एकाच झाडाचे आंबे निवडून वेगवेगळ्या भावानं लावले जातात, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. प्रोसेसरचं निम्मं तसंच असतं. एकाच सिलिकॉनच्या चकतीवरच्या चिपांपैकी ज्या जास्त वेगाला टिकतात त्या महागात, बाकीच्या स्वस्तात. पण समजा चांगलेच आंबे जास्त निघाले आणि गिऱ्हाईक मात्र स्वस्त पेटीचं जास्त असलं, तर? १९९१ मध्ये इंटेलनं फोर-एटी-सिक्सचा स्वस्त अवतार काढला, एसएक्स. सुरुवातीच्या एसएक्स चिपांमध्ये दशांश चिन्हाची गणितं करणारा भाग आत होताच, फक्त बंद केलेला. आणि ज्याला तो भाग हवा, त्याच्यासाठी फोर-एटी-सेव्हन नावाची वेगळी 'गणिताची चिप' विकायला. ती म्हणजे अख्खा फोर-एटी-सिक्सच होता, एक पिन जास्तीची. ती शेजारच्या सॉकेटमध्ये बसली की आधीच्या चिपला गप्प करून सगळं काम स्वतःच करायची. चांगल्या आंब्याला टाचणीनं डाग पाडून दुसऱ्या पेटीत घालायचा, आणि डाग झाकायचे वेगळे पैसे घ्यायचे! गणिताच्या बाईंना हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे. फार हसल्या असत्या, असं मला वाटतं. मला तर या धंद्यातली सगळ्यात प्रामाणिक वस्तू २०१० सालची वाटते. तेव्हा इंटेलनं एका पेंटियमसाठी पन्नास डॉलरचं कार्ड काढलं. मोबाइलचं रिचार्ज करावं तसं खरवडायचं, आकडा टाकायचा, की चिपमध्येच असलेली पण मिटवून ठेवलेली कॅश मेमरी, म्हणजे चिपेनं हाताशी ठेवलेली स्मृती, उघडायची. लोक भयंकर चिडले आणि पुढच्या वर्षी ते बंद झालं. चिडण्यासारखं काय होतं, एरवी गुपचूप चालायचं ते यांनी काउंटरवर मांडलं एवढंच.

कुलपं एएमडीचीही असायची. त्या डब्यात एक ड्युरॉन आहे, म्हणजे होता, त्याच्यावरची माझी रेघ अजून पुसलेली नव्हती. त्या चिपेच्या सिरॅमिकवर, मधल्या निळसर काचेसारख्या तुकड्याच्या एका अंगाला, सोनेरी ठिपक्यांच्या जोड्यांची एक ओळ असायची. जोड्या कारखान्यात तोडलेल्या असायच्या, म्हणजे वेगाचा गुणक बदलून चिप जास्त वेगानं पळवता येत नसे. रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी भाच्याची एचबी पेन्सिल चाकूनं टोकदार करायचो आणि भिंग डोळ्याला लावून एकेका ठिपक्यापासून समोरच्या ठिपक्यापर्यंत शिसं घासायचो. शेजारच्या जोडीला शिवलं तर ब्रेडच्या तुकड्यानं पुसून परत. मग सॉकेटमध्ये चिप, पांढरी पेस्ट, वर हीट सिंक, आणि तो जीवघेणा क्लिप. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घालून अंगाचा भार टाकून दाबायचा. हात घसरला तर बोर्डावर चर, तिरका दाबला तर चिपेच्या काचेचा कोपरा उडायचा. कोपरा उडताना बारीक 'टिक्' असा आवाज यायचा आणि तीन हजार रुपये गेलेले असायचे. 'खट्' आला की श्वास सोडायचा. बटण दाबल्यावर एकच बीप आणि पडद्यावर विकत घेतल्यापेक्षा मोठा आकडा. पेन्सिलच्या रेघेनं! तो आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही, बायकोसमोर बोलत नाही. वर्षभरात एएमडीनं नव्या चिपांवर त्या जोड्यांच्या मधोमध लेसरनं खड्डेच पाडले, आणि पेन्सिल भाच्याच्या कंपासपेटीत परत गेली.

बाईंना सांगितलेलं ते एक वाक्य मी विसरलोही असतो. पण २००९ मध्ये, दुकान आवरत असतानाच, पेपरात बातमी आली. युरोपीय आयोगानं इंटेलला १.०६ अब्ज युरो दंड ठोठावला होता. मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांनी सगळा किंवा जवळजवळ सगळा माल आपल्याकडूनच घ्यावा म्हणून सवलती दिल्या, आणि काहींना एएमडीवाली मॉडेलं लांबणीवर टाकायला पैसे दिले, असा ठपका होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलनं एएमडीला सव्वा अब्ज डॉलर देऊन आपसातले दावे मिटवले. दंडाचं प्रकरण पुढं वर्षानुवर्षं चाललं, सवलतींबद्दलचा भाग न्यायालयात टिकला नाही, लांबणीवर टाकण्याबद्दलचा टिकला आणि २०२३ मध्ये ३७.६ कोटी युरोंचा नवा दंड लागला. हे पुढचं. पण त्या दिवशी बातमी वाचताना मला त्या मोठमोठ्या कंपन्या नाही दिसल्या, मला माझं कोटेशन दिसलं. सवलत घेऊन समोरच्याचा माल न विकणं. माझा भाव नगामागं दोनशे रुपये होता.

त्याच्या आदल्याच वर्षी बाईंचा कॉम्प्युटर परत आला होता. मुलानं लॅपटॉप पाठवला, जुना त्यांनी रिक्षातून दुकानात आणला, मॉनिटरवर विणलेला रुमाल तसाच. "याचं काही होत असेल तर बघ." मी पैसे विचारले तर म्हणाल्या, कसले पैसे. जाता जाता पायरीवर थांबल्या. "तापला नाही हो कधी. तू सांगितलंस ते बरं झालं." त्यांचा सेलेरॉन मी काढून त्या डब्यात ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही.

दुकान बंद झाल्यावरची वर्षं मी या सगळ्याकडे लांबून बघत होतो, क्रिकेट सोडलेल्यानं स्कोअर बघावा तसा. २०११ मध्ये एएमडीचा बुलडोझर नावाचा प्रोसेसर आला आणि आपटला. २०१५ मध्ये त्यांचा शेअर दोन डॉलरच्या खाली. आता कंपनी बुडणार असंच सगळे धरून होते. तेव्हा किमतींचं काय झालं? वाढल्या नाहीत फारशा. त्याहून वाईट झालं, काहीच झालं नाही. २००७ च्या जानेवारीत इंटेलचा चार कोरचा, म्हणजे एका चिपेत चार मेंदूंचा, क्यू-६६०० ८५१ डॉलरला आला आणि जुलैपर्यंत २६६ वर उतरला, इतकी तेव्हा घाई होती. मग २०१७ च्या जानेवारीत भाचा, तोच पेन्सिलवाला, नवा पीसी बांधायला निघाला, तर घरगुती गिऱ्हाइकासाठीच्या इंटेलच्या सगळ्यात वरच्या चिपेत कोर किती? चार. दहा वर्षं! मी त्याला म्हणालो, दोन महिने थांब. मार्चमध्ये एएमडीचा रायझन आला, आठ कोर, ३२९ डॉलरपासून. ऑक्टोबरात इंटेलला सहा कोर सुचले. दहा वर्षं न सुचलेलं सात महिन्यांत.

भाचा तेव्हापासून एएमडीचा भक्त. त्याला वाटतं ती गरिबांची कंपनी. मी त्याला २००५ सालचे भाव सांगितले. तेव्हा एएमडी पुढं होती आणि तिच्या दोन कोरच्या सगळ्यात वरच्या चिपेची किंमत हजार डॉलरवर होती. पुढच्या वर्षी जुलैत इंटेलचा कोअर टू ड्युओ आला आणि त्याच महिन्यात एएमडीनं काही किमती थेट निम्म्यावर आणल्या. त्याचा विश्वास बसला नाही. मग नोव्हेंबर २०२० मध्ये त्यानं स्वतःच फोन केला. आधी २४९ डॉलरला मिळायचा त्या जागेवरचा नवा सहा कोरचा रायझन २९९ झाला होता. "मामा, यांनी भाव का वाढवला?" मी म्हटलं, कारण आता ते पुढं आहेत. त्याला राग आला, जणू मीच वाढवला. त्याच्या बजेटातला स्वस्त सहा कोर, १९९ डॉलरचा, एएमडीला एप्रिल २०२२ मध्ये आठवला. त्याआधी काही महिने इंटेलची बारावी पिढी बाजारात आलेली होती. आता तर गंमत अशी की एएमडीच्या चिपा तैवानच्या ज्या टीएसएमसीच्या कारखान्यात बनतात, तिथंच २०२४ पासून इंटेलच्याही काही चिपांचा मुख्य भाग बनून येतो. भाच्याला सांगितलं नाही. उगीच कशाला.

आणि मुळात हे दुसरं दुकान उघडलं कुणी? गिऱ्हाइकानंच. आयबीएमनं पीसीसाठी इंटेलची चिप घेतली, पण माल एकाच ठिकाणाहून घ्यायची त्यांची तयारी नव्हती, दुसरा पुरवठादार हवा म्हणाले. म्हणून १९८२ मध्ये इंटेलनं करार करून एएमडीला आपल्याच चिपा बनवायला दिल्या. थ्री-एटी-सिक्सच्या वेळी इंटेलनं हात आखडता घेतला, भांडण लवाद-न्यायालयांत गेलं, आणि एएमडीचा थ्री-एटी-सिक्स बाजारात यायला १९९१ उजाडलं. इंटेलचा १९८५ चा. सहा वर्षं. पण आला.

परवा भंगारवाला मॉनिटर न्यायला पुन्हा आला. काच असलेले जुने मॉनिटर कुणी घेत नाही, त्यानं माझ्यावर उपकार केल्यासारखा उचलून हातगाडीवर ठेवला. दोरी आवळता आवळता म्हणाला, "साहेब, तो कोपऱ्यावरचा. त्याचं दुकान गणपतीच्या आधीच बंद झालंय. गावाला गेला तो."

मी गप्प. मग न राहवून विचारलं, "मग त्या दिवशी शंभर जास्त का दिलेस?"

त्यानं दोरीची गाठ दातांनी ओढली. "म्हटलं, कुणी नवीन आला असेल."